बारीक अक्षरांची तबकडी

मी एक तबकडी बोलतेय. लिंबाच्या सालीसारखी पिवळी, उजेडात धरली तर आरपार दिसणारी. दिसायला बरी आहे, असं निदान मला तरी वाटतं.

माझ्यावरची गाणी एका हार्डकोर बँडची आहेत. सुरुवातीला ही मंडळी इतक्या जोरात आणि घाईत ओरडायची, की गाणं सुरू झालं म्हणेपर्यंत संपायचं. पुढे त्यांचं वय वाढलं, गाणी लांबली, मध्येच एक हळवी गिटारही आली. चाहते रुसले. "म्हातारे झाले," म्हणाले. त्या शेवटच्या तबकड्या दुकानांत धूळ खात पडल्या. त्यांतल्याच एकीची मी नवी आवृत्ती. नावडतीची लेक म्हणा ना!

मला घेतलं एका चष्मेवाल्याने. दिवसभर तो लोकांना एक डोळा झाकायला लावून सगळ्यात खालची ओळ वाचायला सांगतो. घरी मात्र या बँडच्या नावडत्या तबकड्या जमवतो. "लाडक्या काय, सगळ्यांकडेच असतात," असं त्याचं म्हणणं.

होता होता फळी भरली. बायकोने बजावलं, "अहो, माझी पुस्तकं जमिनीवर आलीत. आज एक तबकडी बाहेर जाणार म्हणजे जाणार!"

निवाड्याला मित्र आला. एकेकाळी तो ड्रम वाजवायचा, आता फक्त त्याचे गुडघे वाजतात. मला यंत्रावर ठेवलं. गायक एकेक शब्द ओढत, घोगऱ्या आवाजात गाऊ लागला.

"म्हैस चिखलातून निघालीय का रे?" मित्राने विचारलं.

"तुला नाही कळायचं. यात संयम आहे. आवाज कसा पिकलाय बघ!" चष्मेवाल्याने डोळे मिटले.

"पिकला नाही, नासलाय. वहिनी, जाताना हिलाच जुन्या तबकड्यांच्या दुकानात टाकतो."

मला खुलासा करायचा होता. पण मला बोलता येतं ते सुई टेकल्यावर, आणि तेही माणसांनी ठरवलेल्या वेगाने.

मला पाकिटात भरायला चष्मेवाल्याची मुलगी पुढे आली. उचलता उचलता थबकली.

"बाबा, मिनिटाला पंचेचाळीस फेरे लिहिलंय हिच्यावर. तुमचं यंत्र तेहतीसवर आहे."

"कुठे लिहिलंय?"

"इथे. बारीक अक्षरात."

"सगळ्यात खालची ओळ, अहो!" बायको म्हणाली, आणि हसत हसत खालीच बसली.

मुलीने बटण सरकवलं. मग काय, मी सुसाट सुटले! मित्र गुडघे विसरून टेबल बडवू लागला. "अरे, हे तर तेच लोक! दे, मला दे ही!"

"हात लावू नकोस," चष्मेवाला म्हणाला. त्याचे कान लालबुंद झाले होते.

मग फळीवरून गेलं कोण? बँडची पहिली, सगळ्यांची लाडकी तबकडी. मित्राकडे ती होतीच, तरी घेऊन गेला.

आता पाहुणे आले, की मी पंचेचाळीसवर धावते. पण खोलीत एकटा असला, की चष्मेवाला हळूच बटण तेहतीसवर आणतो आणि डोळे मिटतो. मीही मग एकेक शब्द ओढत गाते. खरं सांगू? तेही काही वाईट लागत नाही.

तेव्हा माझं एवढंच मागणं आहे: तबकडीवरची बारीक अक्षरं वाचत जा. आणि एखादा माणूस चुकीच्या वेगात सुखी दिसला, तर दारावरून मुकाट्याने पुढे जा. त्याची मुलगी तसंच करते.