मिस्त्रींना सांगायचं नाही

मिस्त्री दुपारी कपाटाच्या दाराला रंधा मारत होते. "डॉक्टर काय म्हणाले गं?" त्यांनी मान वर न करता बायकोला विचारलं.

"साधी गाठ आहे म्हणाले," दारातून थोरले दीरच परस्पर बोलले.

सकाळी दिरांनी मिस्त्रींना बाहेर बाकावर बसवून ठेवलं होतं. आत डॉक्टर दीर-भावजयीला म्हणाले होते, "प्रोस्टेटचा कॅन्सर आहे. काहींचा वर्षानुवर्षं जागचा हलत नाही. यांच्या पेशी मात्र आक्रमक दिसतात, रक्तातला आकडाही चढलाय. हा बहुधा हाडांकडे जाईल. अंदाजच आहे, पण त्यासाठीच हाडं लगेच तपासू. थांबू नका."

घरी येताच दिरांनी फर्मान काढलं होतं, "त्याला कळता कामा नये. हाय खाईल तो. शिवाय पोरीचं लग्न ठरलंय. असल्या जागेचा आजार बाहेर फुटला तर व्याही पाठ फिरवतील. लग्न उरकू, मग बघू."

"आणि तोवर हाडांत गेला तर?" बायकोने विचारलं होतं.

"डॉक्टर 'बहुधा' म्हणाले, 'नक्की' नाही!"

संध्याकाळी व्याही तारीख ठरवायला आले. "मिस्त्री, तब्येत उतरलीय तुमची."

"दगदग, दुसरं काय!" दीर घाईने म्हणाले.

"कंबर मात्र धरते हल्ली," मिस्त्री हसले.

कंबर! हातातला ट्रे बायकोने खाली ठेवला.

"दगदग नाही. यांना प्रोस्टेटचा कॅन्सर आहे. हाडांत पसरायची भीती आहे. उपचार आत्ता हवेत, लग्नानंतर नाही."

"अक्कल गहाण टाकलीस काय?" दीर ओरडले.

मिस्त्री भावाकडे वळले. "दादा, बैठक माझ्या हाडांची, आणि मीच बाहेर बाकावर?"

व्याही "कळवतो" म्हणून उठले. लेक दारापर्यंत गेली. "जरूर कळवा. उद्या मात्र मी बाबांबरोबर दवाखान्यात असेन."

तपासणीत पाठीच्या कण्यात एका जागी डाग सापडला. डॉक्टर म्हणाले, मुळासकट नाही जाणार, पण आवरता येईल. इंजेक्शनं सुरू झाली. व्याह्यांचा निरोप काही आला नाही.

पुढच्या खेपेला दीरही सोबत आले. मिस्त्री आत गेल्यावर ते भावजयीशेजारी बसून खाली बघत पुटपुटले, "मलाही लघवीला त्रास होतो गं. बरेच महिने झाले. कुणाला सांगू?"

ती उठली आणि तिने डॉक्टरांच्या खोलीचं दार उघडलं. "त्यांनाच सांगा, दादा. मोठ्याने सांगा."