पिवळ्या पिशवीचा जोड

माशांसाठी पिसं बांधलेला गळ पुढं फेकण्यासाठी शिवानंदनं दोरी मागं भिरकावली आणि ती मागंच अडकली. कयाकमध्ये, त्या अरुंद होडीत, बसल्या बसल्या तो वळला. बांबूवरून धरणात उतरलेल्या, पाणी उपसायच्या मोटारीच्या केबलमध्ये गळ रुतला होता, तोही नेमका जोडावर. चिकटपट्टी संपली म्हणून तो जोड त्यानंच सास्तूरच्या दुकानातली पिवळी पिशवी गुंडाळून भागवला होता. लाईट गेलेली होती, पण स्टार्टर ऑटोवर होता; लाईट येताच मोटार सुरू झाली असती.

"शिवलीला, पेटीतलं बटन बंद कर," तो ओरडला.

काठावरच्या बायकोनं खटका पाडला. "केलं बंद. काढा आता."

वल्हं मारत तो केबलपाशी आला. गळ सोडवायला त्यानं हात पुढं केला, तोच काठावरच्या पाईपातून धो धो पाणी पडू लागलं. लाईट आली होती आणि शेजारच्या धोंडप्पाची मोटार आपोआप सुरू झाली होती.

शिवानंदचा हात हवेतच थांबला. त्या एकाच बांबूवर दोघांच्या केबली होत्या. दोन्ही काळ्या, आणि दोन्ही जोडांवर त्यानंच गुंडाळलेली तीच पिवळी पिशवी.

मागून वारा सुटला होता. कयाक केबलींकडं पुढंच सरकत होती.