अडकायला तयार नसलेलं जहाज

मीनाताईंच्या नाटकात जहाज तीन आठवडे अडकून पडणं आवश्यक होतं. ते सात मिनिटांत सुटत होतं.

नाटक इंग्रजांच्या काळातल्या मुंबई बंदराचं. बाहेरून जहाज आलं की त्यानं लांबवर नांगर टाकायचा, पिवळं निशाण चढवायचं आणि सरकारी डॉक्टरची वाट बघायची. डॉक्टर होडीतून येणार, कप्तानाला प्रश्न विचारणार, आणि त्याचं समाधान होईपर्यंत माणूस, पत्र किंवा कोंबडी यांपैकी काहीही किनाऱ्याला लागणार नाही. पत्रांना तर गंधकाची धुरी देत. मीनाताई दोह्यातल्या एका भारतीय शाळेत इतिहास शिकवतात. प्रेमपत्राला गंधकाचा वास येतो म्हटल्यावर त्यांना यात नाटक दिसलं. जहाजावर नवरा मुलगा, किनाऱ्यावर नवरी, मध्ये कॉलरा. जहाजावरचा स्वयंपाकी, ज्याला खलाशी भंडारी म्हणतात, तो आजारी असतो. कप्तान त्याला लपवतो, डॉक्टर हुडकून काढतो, जहाज क्वारंटाइनमध्ये जातं, आणि पुढचा सगळा वेळ नवरी होडीत उभी राहून लांबून बोलते. सरकारी नियमात एवढा प्रणय असू शकतो, याची दोह्याच्या मराठी मंडळात कुणालाच कल्पना नव्हती.

कप्तानाचं काम बेनेडिक्ट तुस्कानोंना मिळालं. बेनेडिक्ट वसईचे. मंडळाच्या आजवरच्या प्रत्येक नाटकात त्यांनी पडदा ओढला होता, आणि पडदा कधीही अडकला नव्हता. यंदा पहिल्यांदाच त्यांनी तोंड उघडून काम मागितलं. आवाज खणखणीत, पांढरा शर्ट घरचा. मीनाताई हो म्हणाल्या. बेनेडिक्टची बायको हिल्डा इथल्या एका हॉस्पिटलात नर्स आहे. तिनं त्याच संध्याकाळी वसईला फोन लावला. नाटक मोबाइलवरून थेट दिसणार होतं, त्यामुळे हिल्डाच्या माहेरी अख्खी आळी जमणार होती आणि एका काकांनी मोठा टीव्ही द्यायचं कबूल केलं होतं. बेनेडिक्टना आता परत पडद्याकडे जाणं परवडणारं नव्हतं.

पहिली तालीम मीनाताईंच्या अल मुंतझातल्या फ्लॅटमध्ये झाली. सोफा हे जहाज, टीपॉय ही डॉक्टरची होडी. डॉक्टर होता वेदांत, पुण्याचा, आयटीतला, दोन वर्षांच्या कॉन्ट्रॅक्टवर आलेला. सोफ्यामागे चादर ओढून देवीदासकाका भंडारी म्हणून पडले होते. त्यांना एकही वाक्य नव्हतं आणि ते अत्यंत समाधानी होते.

"जहाजावर कुणी आजारी?" वेदांतनं टीपॉयवरून विचारलं.

संहितेतलं उत्तर होतं, "कुणी नाही साहेब, सगळे ठणठणीत."

"एक," बेनेडिक्ट म्हणाले. "भंडारी. पोट बिघडलंय. लगेच वेगळा ठेवला, अंथरूण जाळलं, पाणी उकळून देतोय. बाकी सगळे तपासलेत. हे कागद."

वेदांत मुळात सज्जन. त्यानं कागद पाहिले. "मग काय... या," तो म्हणाला.

नवरा मुलगा सोफ्यावरून उतरला आणि नवरीसमोर जाऊन उभा राहिला. नवरीचं काम करणारी मधुरा हातात वल्हं घेऊन तशीच थांबली. तिची पाठ केलेली चार पानं वाया गेली होती.

"वेदांत, कॉलरा आहे कॉलरा! सोडलंस काय?" मीनाताई ओरडल्या.

"ताई, डॉक्युमेंटेशन परफेक्ट आहे हो."

"बेनेडिक्ट, तुम्ही खोटं बोलायचंय."

"डिक्लरेशनवर?"

"नाटकात!"

"नाटकातच, पण डिक्लरेशनवर ना? खाली सही माझी आहे."

"सही कशाला केलीत? मी कोरा कागद दिला होता!"

"कोऱ्या कागदावर मी सही करत नाही," बेनेडिक्ट म्हणाले. "म्हणून आधी भरला."

यात त्यांचा दोष नव्हता. बेनेडिक्ट हमद पोर्टवर एका शिपिंग एजंटकडे आहेत. येणाऱ्या जहाजावर कोण बरं, कोण आजारी, याची माहिती जहाज पोचायच्या आत पुढे पाठवायची, हे त्यांचं काम. निशाण गेलं, होडी गेली, आता सगळं कॉम्प्युटरवर. पण प्रश्न जवळपास तेच राहिले आहेत. त्यांच्या कागदामुळे आजवर एकही जहाज खोळंबलेलं नाही. हे ते स्वतः कधी सांगत नाहीत. हिल्डा सांगते.

दुसऱ्या तालमीला त्यांनी मन घट्ट केलं. "कुणी नाही साहेब," ते म्हणाले, कानापर्यंत लाल झाले आणि दोन क्षणांनी म्हणाले, "म्हणजे, एक आहे." तिसऱ्या तालमीला त्यांनी वाक्य अचूक म्हटलं, पण लगेच वाकून देवीदासकाकांना पाणी हवंय का विचारलं.

घरी लेक डायनानं शिकवणी घेतली. "डॅडा, जस्ट लाय ना!"

"बाय, खोटं सांगितलं की जहाज जास्त अडकतं गं."

"दॅट्स द प्लॉट, डॅडा!"

शेवटी मीनाताईंनी निर्वाणीचं सांगितलं. पुढच्या तालमीला जहाज अडकलं नाही, तर कप्तान बदलणार. "आणि पडद्याला तुमच्याइतका चांगला माणूस नाहीच," असंही त्या म्हणाल्या. हे त्या मनापासून म्हणाल्या, म्हणून जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी ड्युटीवरून सुटून हिल्डा थेट मीनाताईंकडे गेली.

"बेनीला डॉक्टर करा," ती म्हणाली.

"अगं, ते तर जहाज लांबूनच सोडून देतील!"

"तुम्ही त्याला दुसऱ्याचे कागद तपासताना बघितलंय? माझा भाऊ इथून वसईला परत जायला निघाला ना, की आमची गाडी पार्किंगमधून हलत नाही. पासपोर्ट दाखव, तिकीट दाखव, बॅग उघड, लोणच्याचं झाकण घट्ट आहे का दाखव. मागच्या वेळी भाऊ म्हणाला, इमिग्रेशनवाले बरे. आणि इथे यायच्या आधी किती वर्षं जहाजावर होता तो! कसल्याकसल्या बंदरांत कसल्याकसल्या साहेबांपुढे उभा राहिलाय. सगळे साहेब त्याला पाठ आहेत."

मीनाताईंनी अदलाबदल केली. वेदांतला कप्तान व्हायला काहीच त्रास झाला नाही. तो दर आठवड्याला क्लायंटला प्रोजेक्टची प्रगती सांगतो.

प्रयोगाच्या दिवशी हॉल भरला होता. पुढच्या रांगांत बँकवाले आणि आयटीवाले, मागे हमद पोर्टवरची मंडळी. ती नेहमी मागेच बसतात, फोन आला तर उठता यावं म्हणून. हिल्डा मोबाइल स्टँडला लावून कोपऱ्यात उभी होती. मोबाइलवर वसई दिसत होती, म्हणजे सात-आठ कपाळं आणि एक पंखा.

बेनेडिक्ट डॉक्टर म्हणून आले. त्यांनी चष्मा पुसला. खुर्ची सावलीत सरकवायला लावली. मग कप्तानाचा कागद उलटा धरून वाचला आणि सावकाश सरळ केला. मागच्या रांगेतून कुणीतरी "अरे देवा, हा तर तोच बंदरावरचा साहेब!" म्हणालं. देवीदासकाका एका मिनिटात सापडले. पिवळं निशाण चढलं. मधुरानं होडीतून चारही पानं म्हटली; एका बँकवाल्याच्या बायकोनं रुमाल काढला.

शेवटच्या प्रवेशात डॉक्टरनं यायचं, "जहाज मोकळं" म्हणायचं आणि जायचं. बेनेडिक्ट आले आणि बसले.

"पाणी कुठे भरलंत?"

हे संहितेत नव्हतं. "एडनला, साहेब," वेदांत म्हणाला.

"झाकण होतं?"

"एडनला?"

"पिंपाला."

"होतं ना. दोन होती."

"उंदीर किती?"

"एकही नाही, साहेब."

"मग मांजर काय खातं?"

"साहेब, मांजर उपास करतं."

हॉलमध्ये हशा उसळला. बेनेडिक्ट हसले नाहीत. त्यांनी उपासाचा वार विचारला. मागच्या रांगांत माणसं एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होती. विंगेतून मीनाताई "सोडा हो, सोडा!" म्हणत होत्या. अल मन्सूरातून आलेला केटरर रमीज दारातून हातानं विचारत होता की पाव भाजायला घेऊ की नको. "यल्ला, चला डॉक्टर, खलास करा!" असा एक आवाजही आला. बेनेडिक्टनी आवाजाच्या दिशेनं बघितलं, तो बंद झाला. आयुष्यात पहिल्यांदा ते टेबलाच्या या बाजूला बसले होते, आणि ही बाजू फारच आरामाची होती.

वेदांतची थापांची शिल्लक अखेर संपली. टोपी काखेत, घाम टपकतोय, अर्धे कागद जमिनीवर.

"साहेब, आहेत हो सगळे कागद," तो म्हणाला. "फक्त आत्ता सापडत नाहीयेत."

बेनेडिक्ट त्याच्याकडे बघत राहिले. असं उभं राहणं त्यांना चांगलं ठाऊक होतं. मग त्यांनी शिक्का उचलला, कागदावर मारला आणि खुर्चीवरून उठले. तीच खुर्ची त्यांनी कप्तानापुढे सरकवली.

"जहाज मोकळं," ते म्हणाले. "कप्तान, तुमचा फार खोळंबा झाला. चूक आमची. बसा, चहा घेऊन जा."

मागच्या रांगा उभ्या राहिल्या. जहाजावरून निवृत्त झालेले एक चीफ इंजिनिअर डोळे पुसत टाळ्या वाजवत होते. पुढचे लोक मागे वळून बघत होते. एवढं काय झालं ते त्यांना कळलं नाही, पण जेवणाची वेळ झाली होती म्हणून तेही उभे राहिले. वसईकडून शिट्टी आली. नवरा-नवरी भेटली, हे फार कमी लोकांनी पाहिलं.

मीनाताई रंगपटात आल्या त्या संहिता घेऊनच.

"बेनेडिक्ट, ते शेवटचं वाक्य मी लिहिलेलं नाही. आणि त्या काळातला एकही अधिकारी असं म्हणाला नसेल."

"त्या काळातला कशाला?" मिशी सोडवत बेनेडिक्ट म्हणाले.

मीनाताईंनी पेन काढलं. "पुढच्या महिन्यात अल खोरवाल्यांनी प्रयोग मागितलाय. डॉक्टर तुम्हीच. वाक्य राहू दे. पण चहाच? कॉफी नको का, साहेबी?"

"चहाच ठेवा," बेनेडिक्ट म्हणाले. "साहेबानं थेट कॉफी दिली तर लोकांना खोटं वाटेल."