नऊ ओळींची जागा

मित्रांनो, कपाटावर जुन्या चादरीखाली झाकलेला जो जड डबा तुम्हाला दिसतोय ना, तो डबा नाही. तो मी, एक जुना टाइपरायटर. धूळ झाडा, जवळ या, पण बटणं उगाच बडवू नका. माझा ‘क’ आधीच अडखळतो.

माझा जन्म कारखान्यात झाला, पण मला माणसांत आणलं ते वहिनीने. एका कचेरीत ती टंकलेखक होती. कचेरीने नवी यंत्रं घेतली आणि मला भंगारात काढलं, तेव्हा तिने मला मागून घरी आणलं. तिचा नवरा, म्हणजे दादा, घड्याळं दुरुस्त करायचा. त्याने माझा एकेक स्क्रू काढून तेलपाणी केलं. मग वहिनीची बोटं चालू लागली की मी असा काही धावायचो, विचारू नका! ओळ संपत आली की माझी घंटी वाजायची आणि आतून दादा ओरडायचा, “आली बरं का गाडी!”

दादाची धाकटी बहीण चिंगी नदीतल्या शेवाळावर प्रबंध लिहीत होती. मधेच आई गेली, तेव्हा शिक्षण सोडून नोकरी धरायचं तिने ठरवलं होतं. वहिनीने तिचा नोकरीचा अर्ज तिच्यासमोर टराटरा फाडला. “घर मी सांभाळते, तू शेवाळ सांभाळ,” म्हणाली.

चिंगीचे सर भारी कडक. तिसरं प्रकरण त्यांनी चार वेळा परत पाठवलं, चारही वेळा लाल शाईने भरलेलं. चिंगी रडायची आणि वहिनी नवा कागद चढवायची. मूळ प्रतीखाली तीन कार्बन प्रती असत, म्हणजे एक अक्षर चुकलं की चार ठिकाणी खोडा! आमच्या नाकी नऊ यायचे. पण ती लाल शाई मायेची आहे, हे घरात सगळ्यांना कळत होतं. एकदा दुसऱ्या आणि पाचव्या प्रकरणातले आकडे जुळत नाहीत, हे वहिनीनेच पकडलं. सर खो खो हसले म्हणे. “या बाईंनाच परीक्षक नेमायला हवं!” वहिनी आठवडाभर हवेत होती.

शेवटी उरला ऋणनिर्देश. प्रबंध त्याच दुपारी द्यायचा होता. हाताने लिहिलेलं पान वहिनीला देऊन चिंगी बांधणीवाल्याकडे पळाली. त्यात सरांसाठी पाच ओळी होत्या, दादासाठी दोन आणि शेवटी हे: “माझ्या वहिनीने हा प्रबंध नुसता टंकलिखित केलेला नाही. मी हार मानली होती, तिने मानली नाही. माझ्या पदवीवर पहिला हक्क तिचा आहे.”

वहिनीने ते वाचलं. पुन्हा वाचलं. तिची बोटं माझ्यावर आली आणि थांबली. “इश्श, आपल्याच हातांनी आपलीच पाठ थोपटायची?” असं पुटपुटून तिने कागद ओढून काढला. कधी एक अनुस्वार न गाळणारी ही बाई, तिने अख्खा परिच्छेद गाळला.

संध्याकाळी दादा घरच्या प्रतीतलं ते पान कौतुकाने मोठ्याने वाचू लागला. शेवटाला आला, पान उलटून पाहिलं आणि म्हणाला, “चिंगे, आणि वहिनी?”

चिंगी पांढरीफटक पडली. वहिनी मात्र शांत. “अगं, पानात मावलंच नाही.”

साफ खोटं! खाली चांगली नऊ ओळींची जागा होती. कागद माझ्या रुळावरून गेलेला, मला कळणार नाही? पण मी पडलो टाइपरायटर. स्वतःचं काही बोलायची सोय नाही.

“पुस्तक निघेल ना, त्याचं पहिलं पान तुझं,” चिंगीने शब्द दिला.

पण आज करू, उद्या करू म्हणता म्हणता पुस्तक लांबत गेलं. नोकरी आली, बदली झाली, विद्यार्थी आणि समित्या वाढल्या. संगणक आला आणि मी कपाटावर गेलो. सर भेटले की विचारायचे, “वहिनींचं पान लिहिलंस का?” मग सरही गेले. मी वहिनीच्या बोटांची वाट बघत राहिलो. फार आठवण यायची हो तिची, एकाच घरात असून! आधी ती दर शनिवारी माझी धूळ पुसायला यायची. मग ती शनिवार विसरू लागली. मग एकेक माणूस.

परवा चिंगी आली. केस पिकलेले, हातात कोरं करकरीत पुस्तक. वहिनीला बिलगून बसली आणि पहिलं पान वाचू लागली. तोच परिच्छेद होता, जपून ठेवलेल्या कागदावरून जसाच्या तसा उतरवलेला. वहिनी मन लावून ऐकत होती. वाचून झाल्यावर म्हणाली, “छान लिहिलंय हो. कुणाची गं ही वहिनी? तिला कळवलंत ना?”

“कळवतेय,” चिंगी कशीबशी म्हणाली. दादा खाली वाकून, न पडलेला स्क्रू शोधू लागला.

मित्रांनो, मला तेल घाला, माझी फीत बदला, असं सांगायला मी तुम्हाला बोलावलं नाही. ज्यांनी तुम्हाला शिकवलं, ज्यांनी तुम्हाला शिकू दिलं, त्यांच्यासमोर जाऊन आजच बोला. पुस्तकाची वाट बघू नका. ते तुम्हाला ओळखतात, तोवरच जा.