थकलेला कर आणि बर्फावरची खोपटी

शनिवारी सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी माझं दार उघडलं. कर्ट तर पहाटेपासून आतच होता. दारात त्याची बायको जनेल उभी होती, एका हातात कॉफीचा थर्मास, दुसऱ्या हातात जाड फाईल. तिथून सगळं सुरू झालं.

मी खोपटी बोलतेय. मिनेसोटात तळं गोठलं की बर्फावर ओढून नेतात, बर्फाला भोक पाडून आत मासे धरत बसतात, ती खोपटी. कर्टच्या वडिलांनी मला गॅरेजमध्ये प्लायवूडची बनवली. एक बाक, एक शेगडी, हाताएवढी खिडकी. ते गेले, मग मी कर्टची झाले. घरात जे बोलवत नाही ते माणसं माझ्यात येऊन बोलतात. नाहीतर नुसतीच गप्प बसतात.

कर्ट लोकांच्या घरांची छपरं घालतो. धंदा स्वतःचा. पुढच्या कामाचे पैसे आले की भरू, असं म्हणत तीन वर्षं त्यानं कर भरलाच नाही. दंड-व्याज धरून अडतीस हजार डॉलर झाले आणि घरावर सरकारचा बोजा चढला. जनेलची झोप उडाली. घर गेलं तर दोन लेकरं घेऊन जायचं कुठं?

तिनं चौकशी करून आणली. फेडायची ऐपतच नसेल तर कमी रकमेवर मिटवता येतं. मात्र आपल्याकडे काय काय आहे ते सगळं शपथेवर लिहून द्यायचं. काही दडवलेलं सापडलं तर तडजोड मोडली. घरी तिनं विषय काढला की कर्ट उठून माझ्याकडे यायचा. म्हणून आज लेकरं आईकडे ठेवून तीच आली होती.

"ट्रक लिहिला. शिड्या लिहिल्या. बँकेतले लिहिले," ती म्हणाली. "आता ही खोपटी."

"हिला कोण मालमत्ता म्हणतं? बर्फ वितळला की हिच्याखाली जागासुद्धा नाही!"

"विकली तर पैसे येतील ना?"

"बाबांनी केलीय गं. आणि त्या ऑफिसात सांगायला जाणार कोण? मासे?"

"बाहेर जाऊन बघ. तुझं नाव, पत्ता, सगळं दोन-दोन इंचांच्या अक्षरांत तूच रंगवलंयस."

तसा इथला कायदाच आहे. नाव-पत्ता नसेल तर खोपटी बर्फावर ठेवता येत नाही. कर्टला हसू आलं. गळाची दोरी हलली, मासा लागला होता, तरी त्यानं बघितलं नाही.

"मग ते मासे दाखवणारं यंत्रही लिही," तो हळूच म्हणाला.

"ऐंशी डॉलरचं ना?"

"सहाशे चाळीस."

जनेलनं फाईलवरून मान वर केली.

"कर्ट! तू ते घेतलंस त्या वर्षी मी आपल्या लेकीला, ब्रिटला, दुसऱ्या कुणाच्या पोरीचे वापरलेले बूट घातले."

"माहितीय."

मला वाटलं, आता थर्मास भिंतीवर येतो. पण तिनं आकडा लिहिला. पेन गारठलं होतं, ते काखेत धरून ऊब दिली. मग मान खाली घालून म्हणाली, "माझंही एक आहे. नाताळसाठी दर आठवड्याला थोडे टाकते ते खातं. चारशे बारा आहेत. तुला कळले असते तर पेट्रोलमध्ये गेले असते."

"पोरांच्या खेळण्यांचे पैसेपण लिहायचे?"

"खातं माझ्या नावावर आहे. लिहायचे."

माझी किंमत तिनं नऊशे लिहिली. कर्ट म्हणाला, "हजार कर. बाबांचं काम आहे."

"अरे वेड्या, आपल्याला कमी करून घ्यायचेत!"

दोघं इतकी हसली की माझी खिडकी वाफेनं भरली.

मी पुष्कळ माणसं पाहिली. वीतभर मासा धरून हातभर सांगणारी. आपल्याकडे एवढंच आहे, असं एकेक करून कागदावर मांडणारी ही पहिलीच. तिनं सही केली आणि पेन कर्टच्या हातात दिलं.

पुढे आठ महिने पत्रं, फोन, आणखी कागद. शेवटी ऑगस्टमध्ये सहा हजार शंभर डॉलरवर मंजुरी आली. नाताळचं खातं रिकामं झालं, यंत्र गेलं, आणि मीही गेले. पैसे भरले, घरावरचा बोजा उतरला. माझ्यावरचं नाव कर्टनं स्वतः खरवडून काढलं. जनेल शेजारी शिडी धरून उभी होती.

आता मी दुसऱ्या तळ्यावर आहे, लोर्ना नावाच्या निवृत्त बस-ड्रायव्हर बाईंकडे. त्यांना मासे फारसे लागत नाहीत, पण शेगडी वेळेवर पेटवतात. त्या घराची आठवण येते, खोटं कशाला बोलू? पण ती लेकरं आपल्याच घरात झोपतात, हे मला पुरतं.

तुमच्या ओळखीत कुणी असा कागद भरत असेल, आणि एखाद्या लाडक्या वस्तूपाशी पेन अडलं असेल, तर माझा एवढा निरोप पोचवा. लिहून टाका म्हणावं. वस्तूला राग येत नाही.