तुमच्या आधी कोणी नाही

तुमच्या आधी: चार

बाबांनी कात्री खिशात खोचली, हात टॉवेलला पुसले आणि आरशाखाली टेकवलेल्या मोबाईलवरचं हिरवं बटण दाबलं. बटणावर ‘पुढचा’ असं लिहिलेलं होतं. चाराचे तीन झाले. बाकावर बसलेल्या लेकीनं आपला मोबाईल पाहिला. तिथंही तीन.

“झालं?” बाबांनी विचारलं.

“झालं.”

“एवढ्यासाठी तू खोलीचं दार लावून बसायचीस?”

लेकीला घरात इंजिन म्हणत. लहानपणी बोलायला लागली की थांबायची नाही, म्हणून. ॲप बनवायला ती घरीच शिकली होती. दोन कंपन्यांनी तिचं काम पाहून मान डोलावली होती आणि वाटेला लावलं होतं. तिसरीकडच्या बाई मात्र स्पष्ट बोलल्या. काम सुबक आहे, पण तुझ्याखेरीज कुणी वापरलंय का? खरी माणसं रोज वापरतील असं काहीतरी घेऊन महिनाअखेरीस ये, मग नोकरीचं बोलू.

खरी माणसं इंजिनला एकाच ठिकाणी ठाऊक होती. बाबांच्या सलूनमध्ये. घरबसल्या नंबर लावायचा, आपल्या आधी किती जण आहेत ते पाहायचं, वेळ झाली की निघायचं. पहिल्या आठवड्यात सगळे खूश. शेजारचे घड्याळवाले काका म्हणाले, आता दाढीही होते आणि दुकानही बंद ठेवावं लागत नाही. शाळेचे मास्तर तर खुर्चीतून उठून थेट दाराबाहेर.

तुमच्या आधी: कोणी नाही

दुसऱ्या आठवड्यात ॲप खोटं बोलायला लागलं.

‘कोणी नाही’ वाचून माणसं लगबगीनं यायची, तर खुर्चीत एक जण आणि बाकावर दोघे. मास्तरांनी इंजिनला रस्त्यातच गाठलं. तुझ्या ॲपला वजाबाकी येत नाही, म्हणाले, आणि मला वाईट याचं वाटतं की तुला ती मी शिकवली.

तिनं सगळं पुन्हा वाचून काढलं. ओल्या बोटानं बटण लागोपाठ दोनदा दबत असेल, म्हणून त्याचाही बंदोबस्त केला. घरच्या मोबाईलवर आकडे शहाण्यासारखे उतरत. सलूनमध्ये मात्र एकदम तीन-तीन पायऱ्या गाळून खाली. आणि कंपनीतल्या त्या बाईंनी ते ॲप स्वतःच्या मोबाईलवर घेतलं होतं.

तुमच्या आधी: दोन, आणि खरोखर दोनच

शेवटी ती लॅपटॉप घेऊन सलूनमध्येच ठाण मांडून बसली. दिवसभर एक आकडा चुकला नाही. डॉक्टरच्या दारात पोचलं की दात दुखायचा थांबतो, तसं.

बाबा मजेत होते. कात्री चालवता चालवता त्यांनी तिला खुर्चीत झोपून घोरणाऱ्या माणसाची गोष्ट सांगितली, मग त्याच्या भावाची, जो झोपत नव्हता पण घोरत होता. ती हसली की आरशातून तिच्याकडे पाहायचे. मधेच त्यांनी विचारलं, चूक सापडली का. नाही म्हटल्यावर म्हणाले, घाई नको करू. उद्याही ये.

तुमच्या आधी: कोणी नाही

घरी निघाल्यावर चार्जर राहिल्याचं लक्षात आलं, म्हणून ती अर्ध्या वाटेतून परत फिरली. काचेच्या दाराशी थांबली.

खुर्चीत एक गिऱ्हाईक होतं, गालांना फेस लावलेलं. बाक रिकामा. बाबांनी खुर्चीकडचा पंखा उचलून बाकाकडे वळवला. बाकावरचा पेपर सारखा केला. मग मोबाईलपाशी गेले आणि बटण दाबलं. थांबले. पुन्हा दाबलं. रस्त्याकडे पाहिलं. पुन्हा.

“अहो, फेस वाळतोय,” गिऱ्हाईक म्हणालं.

थोड्याच वेळात घड्याळवाले काका आले, त्यांच्यामागून मास्तर. दोघंही ॲपच्या नावानं खडे फोडत आत शिरले.

“पोरीच्या ॲपला नावं ठेवायची नाहीत,” बाबा म्हणाले. “बसा. पंखा आहे.”

ते बसले. बाबांनी गोष्ट सुरू केली, तशी त्यांच्या हाताला पुन्हा वेग आला. इंजिन चार्जर न घेताच परतली.

बटण एकदा दाबलं की पुढची दहा मिनिटं दबणारच नाही, हे एका ओळीचं काम होतं. तिनं ओळ लिहिली. वाचली. पुसली.

तुमच्या आधी: एक

बाईंनी मोबाईल टेबलावर मधोमध ठेवला.

“आकडे एकदम उतरतात. मी रोज बघत होते. चूक सापडली?”

“सापडली.”

“मग दुरुस्त का नाही केली?”



“चूक ॲपमध्ये नव्हती,” ती म्हणाली. “त्यांना बाकावर माणसं हवी होती. आणि मी त्यांना फक्त माणसं पुढे सरकवायचं बटण दिलं होतं.”

बाईंनी मोबाईल पालथा घातला.

“बाक केवढा आहे?”

“चौघांचा. दाटीवाटीनं पाच.”

तुमच्या आधी: कोणी नाही

नोकरी मिळाली, पण दुसऱ्या शहरात. जायच्या आदल्या दिवशी तिनं बाबांना ॲपमधलं नवं पिवळं बटण दाखवलं. हे गिऱ्हाइकांच्या मोबाईलवर दिसेल, म्हणाली. दाढी नाही, कटिंग नाही, नंबरही नाही. नुसतं बसायला येतोय, एवढंच कळवायचं.

“हे कुणी मागितलं?” बाबांनी वस्तरा पुसत विचारलं. तिच्याकडे न पाहता.

“नव्या ॲपमध्ये सगळेच देतात.”

“सगळेच देत असतील तर असू दे.”

ती गेली. आकडे एक-एक करून उतरू लागले. मास्तरांनी वजाबाकीबद्दलचे शब्द मागे घेतले आणि दुपारी पिवळं बटण दाबून, पेपर वाचायला म्हणून, येऊ लागले.

एका सुट्टीच्या दिवशी सकाळी सलूनचं दार नुकतंच उघडलं होतं. खुर्ची रिकामी, बाकही. मोबाईल वाजला. बाबांनी चष्मा लावून वाचलं.

‘इंजिन. नुसतं बसायला.’

त्यांनी मोबाईल पुन्हा आरशाखाली टेकवला. पंखा उचलला आणि बाकाकडे वळवला.