वारा धरून बसलेले बाबा

लवंगी निजली की सगळं घर चवड्यांवर चालू लागे. नातीला हे नाव आजोबांनीच ठेवलं होतं. "चिमूटभर जीव, पण फुटली की कानठळ्या!" आणि हे म्हणणारे आजोबा कोण, तर उभा जन्म बँडमध्ये ट्रम्पेट फुंकलेला माणूस. त्यांची कुजबुजही नाक्यापर्यंत ऐकू जाई.

त्या दुपारी मात्र सुनेनं हातच जोडले. "बाबा, ही निजलीय तोवर मला एक शब्द हातावेगळा करायचाय. काहीही होवो, कुणीही येवो, आवाज नको."

"एकच शब्द? अगं, त्याला असा कितीसा वेळ लागतो?"

"परवापासून अडलेय त्याच्यावर."

बाबांनी ओठांवर बोट ठेवलं आणि मोजे घालून स्वयंपाकघरात गेले.

ती इंग्रजी-मराठी शब्दकोशाच्या कचेरीत कामाला होती. बाळंतपणानंतर घरूनच काम द्या म्हणाली, तेव्हा संपादकबाईंनी चष्म्यावरून पाहिलं होतं. "तान्ह्या पोराच्या घरात शब्दांची कामं होत नसतात. तरी एक देते. जमला तर 'एच'चं अख्खं अक्षर तुझं. नाही जमला तर दुसऱ्याला देईन, मग रुसायचं नाही." आज चहाच्या वेळेपर्यंत बाईंना फोनवर उत्तर हवं होतं.

शब्द होता 'हॅल्सियन'. अर्थ, शांत. पण शांत म्हणायला इंग्रजीत शब्दांचा काय तोटा? हा बाकीच्यांहून वेगळा कसा, ते बाईंना एका ओळीत हवं होतं. मूळ तिला तोंडपाठ होतं. ग्रीकांनी खंड्या पक्ष्याला दिलेलं हे नाव. त्यांच्या जुन्या गोष्टीत खंड्याची मादी ऐन हिवाळ्यात समुद्रावर घरटं करते, आणि पिल्लं बाहेर पडेपर्यंत समुद्र आरशासारखा पडून राहतो. खरा खंड्या काठावरच्या मातीत बीळ कोरतो आणि ते माशांनी घाण करतो, पण गोष्टीत हे कोण विचारतं? तिनं 'निवांत' लिहिलं, खोडलं. 'निश्चल' लिहिलं, तर डोळ्यांपुढे डबक्यावरचं शेवाळ आलं. लवंगीच्या मानेला दुधाचा वास येत होता. ती उशीला जरा टेकली. जराशीच.

डोळे उघडले तेव्हा उन्हं भिंतीवरून उतरली होती. चहाची वेळ केव्हाच टळली होती! फोन उशाशी नाही, टेबलावर नाही. केस सावरत ती स्वयंपाकघराकडे धावली आणि दारातच थबकली.

टेबलापाशी समोरासमोर बाबा आणि संपादकबाई बसले होते. मध्ये मटाराच्या शेंगांचा ढीग. बाई अनवाणी, पदर खोचून, मुकाट्यानं शेंगा सोलत होत्या. दाणे पडताना वाजू नयेत म्हणून पातेल्यात फडकं अंथरलेलं. दारावरच्या घंटेला बाबांचा मफलर गुंडाळलेला. आणि पिठाच्या डब्यातून फोनचं एक टोक डोकावत होतं.

"बाबा!" तिला रडूच यायला लागलं. "मला उठवायचं नाही?"

"काहीही होवो, कुणीही येवो, असं तूच म्हणालीस." जन्मात पहिल्यांदा बाबांची कुजबुज खरीखुरी कुजबुज होती.

"फोन करून थकले," बाई हळूच म्हणाल्या. "म्हटलं, जाऊन चांगली झाडावी. तर यांनी दार उघडलं, ओठांवर बोट ठेवलं आणि माझ्या ओंजळीत शेंगा ओतल्या. तेव्हापासून चकार शब्द काढू दिलेला नाही. कचेरीत नाही बाई अशी शिस्त."

"मला शिंक आली ना," बाबांनी छाती फुगवली, "तर कपाटात शिरून शिंकलो. कोटांच्या मध्ये."

ती त्या पातेल्यातल्या फडक्याकडे बघत राहिली. गोष्टीतली एक गोष्ट तिनं सोडूनच दिली होती. समुद्र काही आपण होऊन शांत होत नाही. वाऱ्यांचा राजा त्या पक्षिणीचा बाप असतो. लेकीची पिल्लं बाहेर पडेपर्यंत तो सगळे वारे कोंडून, वर दाराला पाठ लावून बसतो.

"बाई, ऐका. हॅल्सियन म्हणजे शांत, सुखाचा, पण थोड्या दिवसांचा. कुणीतरी आपल्यासाठी वारा धरून ठेवल्यासारखा."

बाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली. "कोशात 'कुणीतरी आपल्यासाठी' असं लाडिक बोलत नाहीत."

"काढू?"

बाईंनी एक दाणा तोंडात टाकला, चावला, बाबांच्या मोज्यांकडे पाहिलं. "काढलं तर खाली नुसतं 'शांत' उरतं. असू दे."

"मग 'एच'चं काय?"

बाई तोंड उघडणार, इतक्यात आत लवंगी फुटली. कपबशा थरथरल्या म्हणायला हरकत नाही.

"सुटलो रे बाबा!" बाबा आपल्या खऱ्या आवाजात गरजले आणि नातीकडे धावले, जाताजाता दुपारभर दाबलेल्या दोन शिंका मोकळ्या करत.

"अक्षर तुझं!" बाई त्या गदारोळात बेंबीच्या देठापासून ओरडल्या. "उद्यापासून सुरू कर! आणि फोन पिठातून काढ!"